वटलेला शब्द

मराठीत चेक ‘वटतो’. पूर्वी हुंडी पेढीवर नेली की वटत असे, मोठी नोट दुकानात वटवून सुटे पैसे घेतले जात, आणि ज्याच्या शब्दाला गावात किंमत आहे त्याची ‘वट’ आहे असे आपण आजही म्हणतो. व्युत्पत्तीच्या खोलात शिरण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पैसा आणि शब्द या दोहोंसाठी लोकभाषेने इतके जवळचे शब्द योजावेत, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. कायद्याची भाषा याहून स्पष्ट आहे. चेक न वटता परत आला तर इंग्रजी कायदा त्याला ‘डिसऑनर’ म्हणतो आणि आपले न्यायालयीन मराठी ‘धनादेशाचा अनादर’. हा अनादर कागदाचा नसतो. त्या कागदाखाली ज्याने सही केली, त्याने दिलेल्या शब्दाचा असतो.

तो कागद आता आपल्या नित्य व्यवहारातून मावळत चालला आहे. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात यूपीआय पद्धतीने देशात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाली, रिक्षावाला, बाजारातील मासळीवाली या सर्वांनी ही पद्धत आपलीशी केली आहे. इतकेच काय, अनेक चर्चच्या दारातही देणगीपेटीशेजारी ती काळ्यापांढऱ्या चौकटींची नक्षी लागली आहे. या बदलाच्या सोयी-गैरसोयींविषयी पुष्कळ बोलले जाते. मला पडणारा प्रश्न निराळा आहे. पूर्वी पैसे देणे ही दोन टप्प्यांची क्रिया होती: आधी शब्द, मग पूर्ती. आता बहुतेक ठिकाणी टप्पा एकच उरला. ज्याला शब्द मोडण्याची संधीच राहिली नाही, त्या माणसाने शब्द पाळला असे म्हणता येईल काय?

प्रथम चेक म्हणजे काय ते पाहू. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यानुसार, ज्याला आपण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणून ओळखतो, चेक ही खातेदाराने आपल्या बँकेला दिलेली बिनशर्त लेखी आज्ञा असते. अमुक व्यक्तीला अमुक रक्कम द्यावी, एवढाच तिचा आशय. म्हणजे चेक हा पैसा नव्हे. तो हाती पडला तरी घेणाऱ्याच्या पदरात काहीच पडलेले नसते. पडलेला असतो तो एक भरवसा. आपल्याकडच्या हुंडीचेही हेच होते. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची ‘पैठ’, म्हणजे दुसरी प्रत, लिहून देत, आणि तीही हरवली तर ‘परपैठ’. कागद हरवला तरी शब्द हरवू नये, याची काळजी पेढीवाल्यांनी छापखाना आणि यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी घेतली होती.

या भरवशाचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. माझा चेक तुम्ही तुमच्या बँकेत भरलात, तर तो माझ्या बँकेपर्यंत पोहोचायला हवा. अठराव्या शतकात लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीट परिसरातील बँकांचे कारकून याकरिता दारोदार हिंडत. पुढे त्यांनी एकत्र भेटून परस्परांचे चेक तिथल्या तिथे बदलण्याचा प्रघात पाडला, आणि त्यातून क्लिअरिंग हाउस, आपल्या पाठ्यपुस्तकातले निरसनगृह, जन्माला आले. गणनयंत्राचा आद्य कल्पक म्हणून ज्याची ख्याती आहे त्या चार्ल्स बॅबेजने १८३२ मध्ये या दालनाचे वर्णन करून ठेवले आहे. तेथे रोज सरासरी २५ लाख पौंडांची देवघेव होई आणि ती मिटवायला प्रत्यक्षात सुमारे दोन लाख पौंडांच्या नोटा व अवघी वीस पौंडांची नाणी पुरत. उरलेले सारे परस्परांच्या नावे मांडलेल्या जमेखर्चात विरून जाई. विश्वासाची ताकद मोजायची झाली, तर याहून चांगले माप मला ठाऊक नाही.

भारतात १९८० च्या दशकात चेकच्या तळाशी चुंबकीय शाईची आकड्यांची ओळ आली. तिच्यातील नऊ अंकी संकेतात पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचा संकेत ४०० ने सुरू होतो, तो पिनकोडला जुळतो. कारकुनाच्या बोटांऐवजी यंत्र चेक वेगळे करू लागले. तरी कागद प्रवास करीतच होता. परगावच्या चेकला आठवडा, दोन आठवडे सहज लागत. २००२ च्या दुरुस्तीने कायद्याने चेकच्या चित्रालाही चेकचे स्थान दिले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने चेक ट्रंकेशन पद्धत फेब्रुवारी २००८ मध्ये नवी दिल्लीत, सप्टेंबर २०११ मध्ये चेन्नईत आणि एप्रिल २०१३ मध्ये मुंबईत सुरू केली. ट्रंकेशन म्हणजे छाटणे. चेक जिथे भरला तिथेच थांबतो. पुढे जाते ते त्याचे छायाचित्र, आणि खातेदाराची बँक सही पडताळते ती त्या छायाचित्रावरची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर दिवसभर चेक जसजसे येतील तसतशी त्यांची चित्रे पाठवली जाऊ लागली. त्या पहिल्या टप्प्यात असा नियम ठरला की देणाऱ्या बँकेने संध्याकाळी सातपर्यंत होकार वा नकार कळवला नाही, तर चेक मान्य झाला असे समजावे. मौन म्हणजे संमती हे जुने न्यायसूत्र असे यंत्राच्या वेळापत्रकात जाऊन बसले.

अशा रीतीने शब्द आणि पूर्ती यांमधले अंतर आठवड्यांवरून दिवसांवर, दिवसांवरून तासांवर आले. आणि मोबाइलवरच्या व्यवहारात ते नाहीसेच झाले. त्या अंतराचे नैतिक मोल काय होते?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या कोणालाही कांटचे एक उदाहरण आठवेल. १७८५ च्या आपल्या ग्रंथात त्याने एक गरजू मनुष्य उभा केला आहे. त्याला कर्ज हवे आहे. परतफेड आपल्या हातून होणार नाही हे तो जाणतो. परंतु वचन दिल्याखेरीज कोणी पैसे देणार नाही, हेही तो जाणतो. त्याने खोटे वचन द्यावे काय? कांटचे उत्तर असे की, सर्वांनीच तसे केले तर वचन ही गोष्टच अशक्य होईल, कारण कोणाच्याही वचनावर कोणी विश्वास ठेवणार नाही. खात्यात पैसे नसताना चेक लिहिणारा मनुष्य तो हाच. मात्र वचन आणखी एका मार्गाने नाहीसे होऊ शकते, ते कांटच्या ध्यानी येणे शक्य नव्हते. सगळे खोटे बोलू लागले म्हणून नव्हे, तर वचनाची गरजच उरली नाही म्हणून. फोनच्या पडद्यावर हिरवी खूण उमटते किंवा उमटत नाही. खात्यात पैसे नसतील तर व्यवहार होत नाही, इतकेच. त्यात कोणी खोटा पडत नाही आणि कोणी खराही ठरत नाही.

प्लेटोच्या संवादात ग्लॉकन गायजीसच्या अंगठीची कथा सांगतो. ती अंगठी फिरवली की मनुष्य अदृश्य होतो, आणि अदृश्य झाल्यावर तो न्यायाने वागेल काय, असा ग्लॉकनचा सवाल आहे. आपल्या काळाने नेमकी उलटी अंगठी घडवली आहे. तिच्यात मनुष्य पूर्णपणे दृश्य असतो. प्रत्येक रुपयाची वेळ, स्थळ, क्रमांक नोंदलेला असतो, आणि लबाडीला एक मोठी वाट बंद असते. अशा अंगठीने न्यायी माणूस घडतो काय? ॲरिस्टॉटल सांगेल, नाही. सद्गुण सवयीने अंगी बाणतो आणि सवयीला प्रसंग लागतात. सही करताना खात्यात किती शिल्लक आहे ते आठवणे, चेक पुढल्या सोमवारी लागेल म्हणून शनिवारचा एक खर्च आवरणे, पैसे कमी पडताहेत असे दिसताच समोरच्याकडे जाऊन तसे सांगणे, हे सारे छोटे प्रसंग होते. माणूस त्यांत घडत असे किंवा बिघडत असे.

इथवरचे विवेचन वाचून एखाद्याला वाटेल की मी चेकबुकाचे स्तोत्र गात आहे. तसे नाही. या युक्तिवादात एक मोठे छिद्र आहे, आणि बहुधा ते चेक देणाऱ्यांना दिसत नाही, घेणाऱ्यांना दिसते. ते मधले अंतर कोणाच्या मालकीचे होते? वसईच्या बागांतली फुले पहाटे दादरच्या बाजारात पोहोचतात आणि संध्याकाळपर्यंत कोमेजतात. ज्याचा माल एका दिवसात कोमेजतो, त्याला पैशासाठी पंधरा दिवस थांबवणे आणि त्या थांबण्याला विश्वासाची शाळा म्हणणे, हे क्रूर आहे. ‘चेक लिहून ठेवलाय, साहेबांची सही राहिलीय, उद्या या,’ हे वाक्य ज्यांनी कंत्राटदाराच्या दारात उभे राहून ऐकले आहे, त्यांना चेकच्या काव्याविषयी विचारून पाहावे. चेक खात्यातून वजा झाला आणि दुसऱ्या खात्यात जमा व्हायचा राहिला, की मधल्या काळात त्या पैशाचा उपयोग होई तो बँकेला. जुन्या करारातील लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत नियमशास्त्राची सूचना निःसंदिग्ध आहे: मजुराची मजुरी रात्रभर स्वतःपाशी ठेवू नये, सूर्य मावळण्याआधी ती त्याला द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. संध्याकाळी काम संपताच फोनवर मजुरी जमा झाल्याचा आवाज येतो, तेव्हा हा नियम पाळला जातो. मालकाच्या अंगी सद्गुण असो वा नसो.

माझ्या मते येथे क्रम स्पष्ट ठेवायला हवा. संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची जी व्याख्या स्वीकारली, तिचा भर ज्याचे त्याला देण्यावर आहे. देणाऱ्याचे अंतःकरण त्या वेळी किती उदात्त होते, हा नंतरचा प्रश्न. माझ्या चारित्र्याला व्यायाम व्हावा म्हणून दुसऱ्याच्या चुलीला विलंब, असा हिशेब कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही. तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे: ज्याला शब्द मोडता आला नाही, त्याने शब्द पाळला असे म्हणता येत नाही, पण ज्याला त्याचे देणे वेळेवर मिळाले, त्याला न्याय मिळाला असे निश्चित म्हणता येते. या दोन वाक्यांपैकी दुसरे अधिक तातडीचे आहे. पहिले मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही.

शिवाय, शब्दाची जबरदस्तीही करता येते, हे चेकनेच आपल्याला दाखवले. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ अन्वये खात्यात पुरेसे पैसे नसताना चेक परत येणे हा गुन्हा ठरला. कायद्याने त्यात थोडी दयाही ठेवली: नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले तर खटला उभा राहत नाही. शिक्षा आज दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारातील शब्दाला वजन यावे हा हेतू चांगलाच होता. परंतु याच कलमाच्या बळावर कर्ज देणारे लोक कोरे सही केलेले चेक तारण म्हणून मागू लागले. मुलीचे लग्न, होडीचे इंजिन, इस्पितळाचे बिल. गरज मोठी, आणि सही तर काय, एक रेघ. कोरा चेक स्वतःहून दिला असेल आणि रक्कम दुसऱ्याने भरली असेल, तरी तो देण्यापोटीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. उलट सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर. डिसेंबर २०१९ अखेर देशातील २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख खटले एकट्या या कलमाखालचे होते. इतक्या माणसांनी शब्द मोडला असे म्हणावे, की इतक्या माणसांकडून आवाक्याबाहेरचे शब्द काढून घेतले गेले असे म्हणावे? दोन्ही खरे असावे. प्रमाण किती, ते ज्याच्या-त्याच्या प्रकरणात शिरल्याशिवाय कळणार नाही.

कागद गेल्याने हा जाच संपला, असेही नाही. हप्त्याच्या कर्जासाठी आता पुढल्या तारखांचे चेक घेण्याऐवजी खात्यातून दरमहा परस्पर रक्कम वळती करण्याची परवानगी घेतात. पैसे नसल्यामुळे असा हप्ता चुकला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७, याच्या कलम २५ अन्वये शिक्षा तीच. फरक एवढाच की चेक लिहिताना माणूस दर वेळी नव्याने शब्द देत असे. परवानगी एकदाच दिली जाते, तीही फोनवर घाईघाईने, आणि पुढे वर्षानुवर्षे यंत्र आपल्या नावाने आपला शब्द पाळत किंवा मोडत राहते. शब्द आणि परवानगी यांत हा मोठाच भेद आहे. शब्द मी पाळायचा असतो. परवानगी दिल्यावर मला करण्यासारखे काही उरत नाही.

त्या मधल्या अंतराचा आणखी एक उपयोग होता, तो चुकलेल्यांना सावरण्याचा. चेक देऊन मागाहून शंका आली तर बँकेत जाऊन तो थोपवता येत असे. यूपीआयने गेलेला पैसा असा मागे बोलावता येत नाही. पोलिसांच्या नावाने धमकावणाऱ्या फोनला घाबरून आयुष्याची पुंजी काही मिनिटांत दुसऱ्याच्या खात्यात पाठवणाऱ्या वृद्धांच्या बातम्या आपण वाचतो. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवले तर रक्कम वाटेत अडवण्याचा प्रयत्न होतो. सगळी मदार त्या ‘तत्काळ’वर. चेकच्या काळात भामटे नव्हते असे कोण म्हणेल? परंतु भामट्याला तेव्हा थांबावे लागे, आणि तेवढ्यात सून घरी येई, किंवा बँकेतला ओळखीचा कारकून विचारी, ‘काका, एवढे पैसे कोणाला देता?’ रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार व त्यावरील चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ ही सोय केली, तिच्यात चेक लिहिणाऱ्याने त्याचा तपशील बँकेला पुन्हा कळवायचा असतो. एकदा दिलेला शब्द दुसऱ्यांदा द्यायचा. ज्या कागदात आधीच थोडा अवकाश आहे, तिथे आपण आणखी विचारपूस वाढवली. जिथे मुळीच नाही, तिथे वेगाचेच कौतुक चालले आहे.

ब्रिटनमध्ये या बाबतीत एक उद्बोधक गोष्ट घडली. तेथील पेमेंट्स कौन्सिलने डिसेंबर २००९ मध्ये जाहीर केले की ऑक्टोबर २०१८ अखेर चेकचे समाशोधन बंद होईल. वृद्धांच्या व धर्मादाय संस्थांच्या वतीने इतका विरोध झाला की जुलै २०११ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यामागे केवळ नव्याची भीती होती असे मला वाटत नाही. ज्याचा हात थरथरतो, ज्याला पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत, त्यालाही स्वतःचे देणे स्वतः देण्याचा मान हवा असतो. नातवाच्या हाती फोन सोपवून ‘तूच कर’ म्हणणे सोयीचे खरे. पण त्यात काही तरी हातचे जाते, आणि ते केवळ खात्याचे गुपित नव्हे.

आणि तरीही भरवसा जगातून हद्दपार झाला असे समजणे चूक ठरेल. यूपीआयमध्ये तुमच्या खात्यात पैसे क्षणात दिसतात. परंतु दोन बँकांमधला हिशेब त्याच क्षणी मिटत नाही. दिवसातून ठरावीक वेळा सर्व बँकांच्या देण्याघेण्याची वजाबाकी होते आणि उरलेला फरक तेवढा रिझर्व्ह बँकेतील खात्यांतून चुकता केला जातो. म्हणजे बॅबेजने पाहिलेले ते दालन अजून शाबूत आहे. फक्त बाके आणि कारकून गेले. शब्द द्यायचा, थांबायचे, मग पूर्ती करायची, हा व्यवहार आता बँका आपसांत करतात. सामान्य माणसाला त्यातून सूट मिळाली आहे. १९१८ साली वसईत आपल्या समाजाची जी पतसंस्था निघाली आणि पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली, तशा संस्थांच्या आरंभीच्या काळात जामीन राहणारा शेजारी कर्जदाराला वाडीत रोज पाहत असे. त्याच्या शेताला पाणी आले की नाही, तो दारूकडे वळला की काय, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. त्या पाहण्यात काचही होता, हे मान्य. आज आपली पत कोण पाहतो? एक तीन अंकी आकडा, आणि तो काढणाऱ्याला आपण कधी भेटणार नाही.

बायबलमध्ये तोबीतच्या ग्रंथात अशाच एका कागदाची हकिकत आहे. तोबीतने दूर मेदिया देशात गबाएल नावाच्या माणसाकडे दहा तालांत चांदी ठेवली होती. दोघांनी एकमेकांना लिहून दिले, त्या पत्राचे दोन भाग केले आणि ज्याचा त्याने आपापला भाग घेतला. वीस वर्षे गेली. तोबीत आंधळा झाला, दरिद्री झाला, आणि मग त्याला त्या पैशाची आठवण झाली. त्याच्या मुलाच्या वतीने वाटसोबती ते पत्र घेऊन गबाएलच्या दारी पोहोचला. गबाएलने काही विचारले नाही. त्याने थैल्या बाहेर आणल्या, त्यांच्यावरच्या मोहरा अजून तशाच होत्या, आणि त्या मोजून दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तो पाहुण्याबरोबर तोबीतच्या मुलाच्या लग्नाला गेला.